दरवाज्यात उभं राहून पाहिलेली फायनल

परवा अमळनेरला चहाच्या टपरीवर एका पोराच्या अंगात मेस्सीचा 10 नंबरचा टीशर्ट दिसला आणि मला एकदम रोझारियो आठवलं, म्हणून लिहायला बसलोय, जरा लांबेल पण वाचा.

2022 मध्ये मी कामानिमित्त अर्जेंटिनात रोझारियोला होतो. पाराना नदीकाठचं शहर, बाहेर पडलं की नजर जाईल तिथवर सोयाबीन, त्यामुळे शेतकऱ्याच्या पोराला फार परकं वाटलं नाही. मेस्सी तिथलाच, हे माहीत होतं. पण तिथे गेल्यावर पहिला प्रश्न मेस्सीचा येत नाही, पहिला प्रश्न येतो तू सेंट्रलचा की न्यूवेल्सचा? दोन्ही तिथले फुटबॉल क्लब, पहिला निळा-पिवळा, दुसरा लाल-काळा, आणि अख्खं शहर मधून चिरलेलं. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्या आजी सेंट्रलच्या आणि जावई न्यूवेल्सचा. आजी त्या क्लबचं नावसुद्धा घरात घेत नसत, 'ते दुसरे' म्हणायच्या.

वर्ल्ड कपला अर्जेंटिनाची पहिली मॅच सौदीशी, तिथल्या सकाळी 7 वाजता. 36 मॅच न हरलेली टीम 2-1 ने हरली. त्या दिवशी बेकरीत, बसमध्ये, ऑफिसात कोणी कोणाशी धड बोललं नाही, एखाद्या घरातून मयत उठल्यावर गल्ली होते ना तसं शहर झालं होतं.

मग मेक्सिकोची मॅच. घरात बसायला जागा नव्हती म्हणून मी स्वयंपाकघराच्या दरवाज्यात उभा राहिलो, हातात माते, म्हणजे त्यांचं ते कडू हिरवं पेय, एकाच भांड्यातून एकाच नळीने सगळे आळीपाळीने पितात. मेस्सीने गोल मारला, मॅच जिंकली, आणि आजींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की आता हा मुलगा शेवटपर्यंत याच दरवाज्यात उभा राहणार. याला ते काबाला म्हणतात. जावयाने तोच न धुतलेला टीशर्ट घालायचा, नातवाने त्याच स्टुलावर बसायचं. मला हे अजिबात नवीन नव्हतं हो! 2011 च्या फायनलला सेहवाग शून्यावर गेला तेव्हा आमचे बाबा घरात होते, सचिन 18 वर गेला तेव्हाही घरातच, मग काकांनी त्यांना ओट्यावर नेऊन बसवलं आणि धोनीचा सिक्स बसेपर्यंत बाबा ओट्यावरच होते, आवाजावरून मॅच ऐकत. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुझे वडील शहाणे आहेत.

फ्रान्सशी फायनल, तिथे दुपारचे 12, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. पहिला गोल मेस्सीचा, म्हणजे न्यूवेल्सच्या पोराचा. दुसरा डी मारियाचा, तो सेंट्रलचा, कोळसा विकणाऱ्या बापाचा पोरगा. त्या दुसऱ्या गोलला आजींनी जावयाचं तोंड दोन्ही हातांत धरून रडायला सुरुवात केली आणि तोही रडला. नंतर फ्रान्सच्या एम्बाप्पेने दीड-दोन मिनिटांत दोन मारले, एक्स्ट्रा टाइममध्ये मेस्सीने परत एक, एम्बाप्पेने परत एक, 3-3, आणि अगदी शेवटी आमच्या गोलकीपर मार्टिनेझने पाय लांब करून जो बॉल अडवला तेव्हा माझे पाय थरथरत होते पण दरवाजा सोडायची हिंमत नव्हती. मग पेनल्टी शूटआउटमध्ये मॉन्टिएलची पेनल्टी आत गेली. 36 वर्षांनी वर्ल्ड कप. आईचा व्हिडिओ कॉल आला, म्हणते "रडी ऱ्हायना का रे?" मी फक्त कॅमेरा फिरवून खोली दाखवली.

संध्याकाळी सगळे झेंड्याच्या स्मारकाकडे चालत निघालो, आणि लाल-काळे, निळे-पिवळे टीशर्ट एकाच रस्त्यावर गळ्यात गळे घालून. त्या वर्षी महागाई 90 टक्क्यांच्या वर होती, पगार हातात येईपर्यंत भाव बदललेला असायचा. तरी त्या दिवशी अनोळखी माणसं एकमेकांना खाऊ घालत होती.

सगळं गोड आहे असं म्हणत नाही. भांडणं इतकी वाईट झालीयेत की लीगच्या मॅचना बाहेरच्या टीमच्या प्रेक्षकांवर 2013 मध्ये बंदी घातली. पण मला जे खरंच आपल्याकडे हवंय ते वेगळं आहे. तिथे गल्लीगल्लीत छोटे क्लब आहेत, मेंबर लोकांच्या मालकीचे, मतदान करून अध्यक्ष निवडतात. बाया खाद्यपदार्थ विकून लाइटबिल भरतात, पाच वर्षांची पोरं तिथे बॉलमागे पळतात. डी मारिया अशाच क्लबातून सेंट्रलला गेला आणि बदल्यात त्या क्लबला फुटबॉल मिळाले. ते बॉल किती पोरांच्या पायाला लागले असतील!

आपल्या गावात आम्ही खेळायचो त्या मैदानावर आता प्लॉट पडलेत, पोरं मोबाइलवर मॅच बघतात कारण पळायला जागा नाही. आपण कानबाईच्या उत्सवाला वर्गणी काढतो, भाऊबंदकी विसरून सगळे एकत्र येतो, आखाड्याच्या मातीसाठी म्हाताऱ्यांनी पूर्वी घरटी पैसे दिलेत. मग एका एकराच्या मैदानासाठी का नाही देणार? मी द्यायला तयार आहे, नदीकडच्या जमिनीबद्दल दोघातिघांशी बोललोही आहे, गावातल्या कोणाला यात यायचं असेल तर फोन करा.

2026 च्या जूनमध्ये पुढचा वर्ल्ड कप. आजींचा काल व्हॉइस मेसेज आला, आवाज थकलाय. एवढंच विचारलं, तुझ्या घरात स्वयंपाकघराला दरवाजा आहे ना?

आहे आजी. टीव्ही तिथून दिसत नव्हता, आज सकाळी खिळे काढून दुसऱ्या भिंतीला लावला.