एका गाळणीची गोधडी

मागच्या मंगळवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्या सात महिन्यांच्या कामाचा भाव फुटला. एक चहाची गाळणी. स्टीलची होती, हे मान्य करायला हवं. दांडा किंचित वाकडा.

मी गोधड्या शिवते. हौस म्हणून. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘विकता का?’ नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येत नाही, उसासा येतो: ‘बरा बाई वेळ मिळतो तुम्हाला.’ हे बोलणारी व्यक्ती रोज रात्री दोन तास फोनवर दुसऱ्यांच्या घरातली भांडणं बघत असते, पण वेळ मला मिळतो. असो. मुद्दा गाळणीचा आहे.

त्या दिवशी मी नुकतीच संपवलेली निळी गोधडी गच्चीवर ऊन दाखवायला नेली होती. ‘संपवलेली’ हा शब्द आमच्या घरात फार जपून वापरतात. माझ्या दिवाणात आत्ता चार गोधड्या अर्धवट पडल्या आहेत. त्यातलं एक दुपटं भाचीच्या बाळासाठी घेतलेलं. बाळ यंदा पहिलीत गेलं. त्याला आता ते गळ्याभोवती टॉवेल म्हणून चालेल, पण माझे दोन कोपरे राहिलेत. तर अशा घरात एक गोधडी खरोखर संपणं म्हणजे सणच. मी ती कठड्यावर पसरली, चार पावलं मागे जाऊन स्वतःच्याच कामाकडे कौतुकाने बघत होते, तेवढ्यात खालून हाक आली, ‘भांडीऽऽयेय, जुनं कापड भांडीऽऽ!’

कठड्यावरून वाकून बघितलं तर बोहारणीने पाटी उतरवली होती, आणि तिच्यासमोर आमच्या समोरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातात पाच साड्या. सगळ्यात वर लाल पदराचं इरकली लुगडं.

इथे थोडं थांबून इरकलीबद्दल सांगितलं नाही तर माझी पुढची धावपळ वेडेपणाची वाटेल. गोधडीला नवं कापड चालत नाही. चालतं म्हणणारे दुकानात गोधड्या विकतात. नव्या कापडात खळ असते, ते ताठ असतं, चार थरांतून सुई ढकलताना बोटाला भोक पडतं. पॉलिस्टरवरून सुई निसटते आणि अंगावर घेतलं की घाम आतल्या आत. हवं ते पंधरा-वीस वर्षं नेसलेलं, शेकडो वेळा धुतलेलं, पातळ झालेलं सुती. त्यातून सुई आपणहून चालते. आमची सांगलीकडची आत्या गोधडीला वाकळ म्हणायची, आणि लुगडं मऊ झालं की नाही हे ते गालाला लावून ठरवायची. पण आता असं लुगडं आणायचं कुठून? निम्म्या बायका सुती नेसत नाहीत, आणि उरलेल्या नेसतात ती हातमागाची, भारीतली, जी त्यांच्या हयातीत काही फाटायची नाहीत. त्यामुळे माझी नजर वाईट झाली आहे. कुणाकडे गेले की मी आधी पायपुसण्याकडे बघते. एका लग्नघरी मी नारायणपेठी काठाचं पायपुसणं पाहिलं. जेवणात काय होतं ते आठवत नाही. नवऱ्याने त्याच्या शर्टांची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. दर रविवारी मोजतो.

आणि या वहिनींना मी त्या साड्या किमान पाच वेळा मागितल्या होत्या! दर वेळी उत्तर एकच, ‘छे हो, तुम्हाला का जुनं द्यायचं? बरं दिसतं का ते?’ बोहारणीला दिलेलं बरं दिसत होतं.

मी तशीच गोधडी खांद्यावर टाकली आणि चार मजले उतरले. लिफ्ट बंद होती. ती चालू असल्याचा दिवस मी वेगळा लिहीन.

खाली पोचले तेव्हा बोलणी कढईपाशी अडली होती. वहिनींना मोठी कढई हवी होती, बोहारीण मधली देत होती. मी धापा टाकत म्हटलं, ‘वहिनी, त्या साड्या मला द्या, कढई मी देते.’ वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी मंडईत दुसऱ्याच्या पिशवीत हात घातलाय. बोहारणीने मात्र माझ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या खांद्याकडे बघत होती.

‘ती बी द्यायची का, ताई?’

‘नाही, नाही. ही माझी आहे. मी शिवलीये.’

‘बघू तर.’

पन्नाशीच्या पुढची बाई. कपाळावर गोंदण, डोक्यावर पदर, आणि हात असे की कापड हातात येण्याआधीच त्याची जात ओळखतील. मी गोधडी दिली. का दिली? कारण सात महिन्यांत कुणीही ‘बघू तर’ म्हटलं नव्हतं. घरातले ‘छान आहे’ म्हणाले होते, दारातून, एक हात पंख्याच्या बटणावर ठेवून.

तिने आधी ती उलटी केली. ‘सुलट कुनीबी शिवतं. उलटी बघावी,’ असं माझ्याकडे न बघताच म्हणाली. मी मनातल्या मनात तिला साष्टांग नमस्कार घातला. मग तिने कोपरा चिमटीत धरून चोळला, ‘चार पदर. आतलं धोतर हाय.’ धोतरच होतं, सासऱ्यांचं. मग तळहात सपाट ठेवून मधोमध फिरवला. मग गोधडी उन्हाकडे धरली. वहिनींच्या साड्या तोवर स्कूटरच्या सीटवर पडल्या होत्या आणि वहिनी ‘कढईचं काय झालं?’ असं दोनदा म्हणून बसल्या होत्या.

‘समदं सुती,’ बोहारीण म्हणाली. ‘ह्याचा भगुना देते. झाकणासकट.’

मी हसले. द्यायची नाहीये असं पुन्हा सांगितलं. पण खोटं कशाला बोलू, झाकणासकट हे ऐकून मला बरं वाटलं.

आणि मग तिने टाका बघितला. अंगठ्याचं नख धावदोऱ्याखाली घालून जरा ओढून बघितलं. टाका हलला नाही. हलणार कसा? दोरा दुहेरी, मेण लावलेला. तिचा चेहरा पडला.

‘टाकं लई हायेत, ताई.’

‘हो!’ मी अभिमानाने म्हटलं. ‘एका चौरस इंचात आठ. साडेचार फूट बाय सहा फूट. म्हणजे ३१,१०४ टाके. मी हिशेब केलाय.’

‘एवडं उसवायचं कुनी?’

‘उसवायचं कशाला?’

‘मंग काय करू? आतलं धोतर काडल्याबिगर इकलं कसं जाईल? गॅरेजवाले पुसायला घेत्यात, त्येंना एकेरी लागतं. माजी पोरगी दोन दिस बसंल उसवत.’ ती क्षणभर विचारात पडली आणि पाटीत हात घालून ती गाळणी काढली. ‘ही घ्या. टाकं नसतं तर भगुना व्हता.’

समजलं का? टाके नसते तर भगुना. म्हणजे मी फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत गुडघे दुखेस्तोवर जमिनीवर बसून, कोपऱ्यांवर मुलाची डंबेल्स ठेवून (विकत घेतल्यापासून पहिल्यांदा कुणी त्यांना हात लावला), दर टाक्यागणिक त्या कापडाची किंमत कमी करत होते. दर दुपारी एक-दीड चमचा. शेवटचा टाका घातला तेव्हा झाकण गेलं असणार.

मी चिडले. चिडल्यावर मी सामान्यज्ञान सांगते, ही माझी जुनी खोड. मी तिला म्हटलं, ‘मावशी, अमेरिकेत अलाबामा म्हणून राज्य आहे. तिथल्या जीज बेंड नावाच्या खेड्यातल्या काळ्या बायका अशाच जुन्या कपड्यांच्या, शेतावरच्या विटक्या पँटींच्या गोधड्या शिवतात. त्या न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. २००६ साली पोस्टाने त्यांची तिकिटं काढली, चांगली दहा!’

‘मंग तिकडं द्या,’ ती म्हणाली.

वहिनी हसल्या. इतका वेळ कढईसाठी ताटकळलेल्या बाईला हसायला निमित्त हवंच होतं, पण जरा जास्तच हसल्या. वर म्हणाल्या, ‘अहो, घ्या की गाळणी. गाळणी कधीही लागते.’

हसण्यावारी न्यायला मीही तयार आहे, पण यात मला खरंच लागलेली एक गोष्ट आहे, ती सांगून टाकते. बंगालच्या नक्षी कांथेला, बिहारच्या सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालंय. तीही जुन्याच साड्यांवर घातलेल्या साध्या धावदोऱ्यातून निघालेली कामं. आणि आपल्याकडे? ‘गोधडीत शिरला’ म्हणजे आळशी. ‘चिंधी’ म्हणजे फालतू. फक्त गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत तेवढीच काय ती इज्जत. माझ्याच एका नातेवाईक बाईंनी परवा प्रदर्शनातून ‘हँडमेड क्विल्ट’ आणली, चार आकडी किंमत मोजून, आणि मला दाखवायला बोलावलं. सरळ मशीनची टीप होती. आत फोम. काठाला तर चिकटवलेली पट्टी. मी ‘छान आहे’ म्हटलं, दारातून. त्याच बाईंना मी मागे गोधडी दिली होती, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. ती सध्या त्यांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनीवर असते. ‘खूप उपयोगी पडते हो तुमची.’ मी तेव्हाही काही बोलले नाही. तिथे बोलले नाही म्हणून बोहारणीला अलाबामा ऐकावं लागलं, हे मला कळतं.

तोवर बोहारणीने गोधडी पुन्हा उलगडली होती. द्यायची नाही म्हटल्यावरही ती परत देईना. आता ती धंद्याचं बघत नव्हती, नुसती बघत होती. डावीकडच्या खालच्या कोपऱ्याशी तिचं बोट थांबलं.

‘हितं तुमचं ध्यान नव्हतं.’

मी वाकून बघितलं. चार बोटांची जागा. ओळ तिरकी होऊन शेजारच्या ओळीला टेकायला आलेली, टाके एकदम लांब, दुसऱ्याच कुणीतरी घातल्यासारखे. सोसायटीची वार्षिक सभा त्या वेळी ऑनलाइन झाली होती, मी कॅमेरा बंद करून शिवत बसले होते, आणि पाण्याच्या टँकरच्या बिलावरून जो तमाशा झाला त्यात मीही माइक चालू करून दोन वाक्यं बोलले होते. त्या दोन वाक्यांची ही जागा. नवऱ्याला दिसली नव्हती, मुलाला दिसली नव्हती. खरं सांगायचं तर मलाही दिसली नव्हती.

‘सभा होती,’ मी म्हटलं.

‘व्हय,’ ती म्हणाली. जणू तिच्याकडेही सभा होतात. मग गोधडीची घडी घातली, अगदी नीट, काठाला काठ लावून, आणि माझ्या हातात दिली. गाळणी पाटीत परत गेली.

साड्यांचं सांगायचं राहिलंच. इरकली गेलं. वहिनींना मोठी कढई मिळाली, वर एक झारा. उरलेल्या चारांतल्या दोन मी मिळवल्या, माझ्या लग्नात आलेला, आजवर खोक्यातून न काढलेला पाच डब्यांचा सेट वहिनींना देऊन. वहिनींनी तो वाजवून बघितला. माझ्याकडून घ्यायला त्यांना बरं दिसतं का, हे मी विचारलं नाही. त्या दोन्ही साड्या घरी आणून गालाला लावल्या तर एक निम्मी टेरिकॉटची निघाली.

संध्याकाळी चहा करताना नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो बोहारणीवर चिडेल. त्याने आमची गाळणी उजेडात धरली. तिला मधोमध भोक पडलंय, दोन महिने आम्ही चहा चोथ्यासकट पितोय. ‘घेऊन टाकायची होतीस,’ तो म्हणाला. ‘तुझ्याकडे अजून चार आहेत.’ मग त्याने आपल्या शर्टांची यादी तपासली.

रात्री झोप येईना म्हणून मी तो कोपरा मांडीवर घेतला आणि बारीक कात्रीने ती चार बोटांची जागा उसवायला बसले. जुनं कापड, ओढलं तर फाटतं. एकेक टाका वर उचलायचा, कापायचा, चिमट्याने दोरा काढायचा. तीन इंच बाय तीन इंच. बहात्तर टाके. घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं गेली होती. मग मला राहवलं नाही. तीन बाय तीनचे असे तुकडे संबंध गोधडीत ४३२ होतात. प्रत्येकी वीस मिनिटं म्हणजे १४४ तास. रोज आठ तास बसलं तरी अठरा दिवस.

आणि ती म्हणत होती, माझी पोरगी दोन दिवसांत उसवेल. गाळणीत ती साफ बुडाली असती.