अ‍ॅव्हरेज पडलं की दरवेळी ड्रायव्हरचाच पाय का जड?

डिझेलचा विषय काढला की समोरचा माणूस पहिलं वाक्य तेच बोलतो. "पाय हलका ठेव, अ‍ॅव्हरेज आपोआप निघेल." व्यापारी बोलतो, आडत्या बोलतो, गाडीच्या कर्जाचा हप्ता वसूल करायला येणारा बोलतो, आणि ज्याने जन्मात कधी भरलेली पिकअप घाटातून खाली उतरवली नाही तोही बोलतो. माझा चुलतभाऊ दुसऱ्याच्या गाडीवर आहे. त्याच्या मालकाने आकडा ठरवून दिलाय, लिटरला इतके किलोमीटर निघालेच पाहिजेत, कमी निघाले तर फरक पगारातून कापणार. रात्र-रात्र जागून गाडी ओढणाऱ्या पोराच्या हातात पगार यायच्या आधीच त्याला कात्री लागलेली असते. हे बघून माझं डोकं फिरतं, आणि म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

पाय हलका म्हणजे काय, ते आम्हाला माहीत आहे. वरच्या गियरला दीड-दोन हजार आरपीएममध्ये गाडी चालती ठेवायची. पुढची गाडी ब्रेक मारताना दिसली की आपण आधीच पाय काढायचा. क्लचवर पाय टेकवून बसायचं नाही. सकाळी टायर गार असताना हवा बघायची. एअर फिल्टर वेळेवर बदलायचा. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघायचं, ब्रेक घासत तर नाही ना. चाकांची अलाइनमेंट करायची. मी हे सगळं करतो, माझ्या ओळखीचे बहुतेक पिकअपवाले करतात, कारण डिझेल आमच्या खिशातून जातं. आणि अ‍ॅव्हरेज आम्ही अंदाजाने सांगत नाही. टाकी फुल, किलोमीटर लिहून ठेव, पुन्हा फुल, मग भागाकार. डॅशबोर्डवरचा काटा बघून "अर्धी टाकी एवढ्यात कशी संपली?" विचारणाऱ्या मालकांनी आधी हा हिशेब शिकावा आणि मग पगार कापायची भाषा करावी.

आता लोडचं बोलू, कारण सगळ्यात मोठी लूट तिथे आहे. नारायणगावहून टोमॅटो भरायचा. एका कॅरेटमध्ये वीस किलो माल, कॅरेटचं वजन धरून बावीसच्या आसपास. तेराशे किलो पासिंगच्या, म्हणजे तेवढंच वजन न्यायची परवानगी असलेल्या गाडीत साधारण साठ कॅरेट बसतात. एवढाच माल टाकायचा, आरसी बुकात तेच लिहिलंय. पण भरायला गेलं की व्यापारी नव्वद सांगतो. नव्वद म्हणजे जवळपास दोन टन. सातशे किलो जास्त! भाडं मात्र ठरलेलं, त्यात वाढ नाही. "नसेल जमत तर सांग, मागे चार गाड्या उभ्या आहेत," हे ऐकून घ्यायचं आणि भरायचं, कारण हप्त्याची तारीख कोणासाठी थांबत नाही. सातशे किलो जादा घेऊन निघालेली गाडी प्रत्येक चढाला, प्रत्येक वेळी वेग घेताना जादा डिझेल मागणार. टायर दबणार, दबलेला टायर तापणार, तापला की आणखी ओढणार. आणि एवढं करून त्याच व्यापाऱ्याकडे डिझेलसाठी दोनशे रुपये वाढवून मागितले तर उत्तर काय? पाय हलका ठेव!

बरं, पकडली गाडी तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये, २०१९ च्या दुरुस्तीपासून. त्याच कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवायला लावणाराही धरलेला आहे. चालवायला लावणारा! पण रस्त्यावर पावती फाटते ती स्टिअरिंगमागे बसलेल्याच्या नावाने. नव्वद कॅरेट चढवणारा माणूस तेव्हा घरी झोपलेला असतो. त्याला कोणी फोनसुद्धा लावत नाही.

साठची गाडी, नव्वद कॅरेट चढवली, तर ती वाढीव कॅरेट जातात कुठे? वर. केबिनच्या उंचीच्याही वर दोन-दोन थर. वरून ताडपत्री, तिचा एक कोपरा वाऱ्यावर फडफडतोय. म्हणजे गाडी हवेला छाती काढून उभी. आणि त्यात टाइम लावून दिलेला, अमुक वाजेच्या आत माल उतरला नाही तर भाव पडेल, भाव पडला तर भाड्यातून कापणार. मग ताशी साठ किलोमीटरने कोण जाईल? ऐंशीने जावं लागतं. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साठला जेवढा होता त्याच्या पावणेदोन पट ऐंशीला. शाळेतलं गणित आहे हे. पंचावन्न-साठच्या आत चालवा, डिझेल वाचेल, हा सल्ला अगदी बरोबर आहे, मला तो पाठ आहे. पण मग भरायला तीन तास उशीर करणाऱ्याने ते तीन तास माझ्या डिझेलमधून वसूल करायचे नाहीत. संध्याकाळी पाचला भरतो म्हणायचं, आठला हमाल पाठवायचे आणि मला सांगायचं लवकर पोच. कुठून भरून काढू मी ते तीन तास? इंजिनातूनच ना?

आणि रस्ता. मुंबईच्या बाजूला जायचं तर आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण, मग तो शीळ रोड. गावागावाला स्पीडब्रेकर. लहान पोरं, म्हातारी माणसं रस्ता ओलांडतात, तिथे वेग कमी झालाच पाहिजे, त्याला माझी काडीची हरकत नाही. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, गाडी पंचवीसच्या वेगाने आरामात वरून जावी असा. आमच्याकडे डांबराचा हातभर रुंद उभा बांध घालून ठेवतात. पट्टे नाहीत, बोर्ड नाही, रात्री दिसतच नाही. भरलेली गाडी त्यावरून न्यायची तर जवळजवळ थांबवावीच लागते, नाहीतर स्प्रिंगचे पाटे तुटतात आणि खालच्या थरातला टोमॅटो फुटतो. फुटलेल्या टोमॅटोचे पैसेही आमच्याच भाड्यातून.

एका थांबण्याची किंमत काय, ते मी कागदावर काढलं. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा, तेही पासिंगमध्ये भरलेली असताना. साठच्या वेगातून गाडी पूर्ण थांबवायची आणि पुन्हा साठवर न्यायची, तर फक्त तो वेग परत मिळवायलाच साधारण चाळीस मिलिलिटर डिझेल जळतं. असे पंचवीस थांबे झाले की एक लिटर गेलं. लिटरभर डिझेलचे पैसे ब्रेकच्या लायनरमध्ये गरम होऊन उडून गेले! दोन टन भरलेत तर आणखी जास्त. आता सांगा, यात माझा पाय कुठे आला? उगवतीच्या आत मार्केट गाठायचं, मध्ये पन्नास वेळा गाडी शून्यावर आणायची आणि अ‍ॅव्हरेज मात्र कंपनीच्या कागदावरचं काढायचं.

तो कंपनीचा कागद म्हणजे आणखी एक डोकेदुखी. प्रमाणित मायलेज मोजतात ते प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या चक्राप्रमाणे. तुलना करायला ते ठीक आहे, या गाडीपेक्षा ती गाडी बरी एवढं त्यातून कळतं. पण त्या रोलरवर शीळ रोडचा जाम नसतो, पावसाळ्यातले खड्डे नसतात, नव्वद कॅरेट नसतात. शोरूममधला पोरगा तोच आकडा छातीठोकपणे सांगतो आणि चुलतभावाच्या मालकासारखे लोक तोच आकडा उचलून ड्रायव्हरच्या पगाराला लावतात. हा सरळ सरळ अन्याय आहे.

मार्केटच्या गेटची रांग. इंजिन बंद करा म्हणतात. रांग दर दोन मिनिटांनी एक गाडीभर सरकते, मागचा हॉर्न वाजवून जीव खातो, प्रत्येक वेळी स्टार्टर मारायचा तर स्टार्टर आणि बॅटरी दोन्ही जातील. नुसतं जागेवर चालू इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, पहिल्या गियरमध्ये रांगताना त्याहून बरंच जास्त. टोकन देऊन वेळ ठरवून गाड्या आत घेतल्या तर हे डिझेल वाचेल. अवघड काय आहे त्यात? पण वाचलेलं डिझेल आमचं असतं, म्हणून कोणाला घाई नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा कडक नियम आला. धूर कमी झाला, चांगलं झालं, आमचीच पोरं ती हवा श्वासात घेतात. पण गाडी विकताना कोणी नीट सांगत नाही की सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी आहे, तिच्यात काजळी साठते, आणि ती जाळायला गाडी जादा डिझेल फवारून आतलं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास नेते. त्यासाठी गाडी सलग वीसेक मिनिटं बऱ्या वेगात पळायला लागते. ज्याची गाडी दिवसभर गावातल्या गावात दूध, खत, किराणा वाटते, त्याचं हे काम कधी पूर्णच होत नाही. जाळायला सुरुवात, तेवढ्यात गाडी बंद. पुन्हा सुरुवात, पुन्हा बंद. दरवेळी जादा डिझेल वाया, त्यातलं काही इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून सर्व्हिसला नेली की सांगणार, "तुम्ही गाडी नीट पळवत नाही." अरे, विकताना विचारलं होतं का, गाडी कुठे पळणार आहे? डॅशबोर्डवर या जाळीचा दिवा लागला तर काय करायचं हे चार ओळींत मराठीत छापून काचेवर चिकटवायला किती खर्च येतो? ते होत नाही, आणि मग गॅरेजवाला ती जाळी कापून काढायचा सल्ला देतो. त्यात वॉरंटी जाते आणि मागून येणाऱ्या सगळ्यांच्या नाकात काजळी जाते.

डिझेल वाचवणारे डबे, पाइपला बांधायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, गाडीतला बिघाड तपासायच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचे लुकलुकणारे प्लग, हे विकणाऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असली शंभरावर यंत्रं तपासली, मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. तरी ते गरीब ड्रायव्हरला गाठून हजार-दोन हजाराला विकतात. चोर आहेत.

पण एका गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. घाटात न्यूट्रल. पगार कापायच्या धाकाने पोरं माळशेजच्या उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही तर चावी फिरवून इंजिनच बंद करतात. जुने लोक शिकवतात, डिझेल वाचतं म्हणून. वाचत नाही! आजच्या इंजिनात गाडी गियरमध्ये असताना पाय काढला की उतारावर इंजेक्टर डिझेल देणंच बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतः चालू राहायला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उलट जास्त जळतं. आणि भरलेल्या गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापून पकड सोडतात. इंजिन बंद केलं तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपतो, स्टिअरिंग दगडासारखं होतं. लिटरमागे एक किलोमीटर कमी पडला म्हणून पगार कापणाऱ्या मालकांनो, तुमच्या त्या आकड्याच्या भीतीने एकोणीस-वीस वर्षांची पोरं दरीच्या कडेने न्यूट्रलमध्ये उतरतायत. याची जबाबदारी तुमच्यावर आहे.

पंपाचंही बोललं पाहिजे. हवा मोफत द्यायची हा पंपाला नियम आहे. किती ठिकाणी मशीन चालू असतं? बंद आहे, माणूस जेवायला गेलाय, पाइप फाटलाय. मग पैसे देऊन बाहेर भरायची, तिथलं गेज काय दाखवेल त्याचा भरवसा नाही. मापाचंही तसंच. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर पंपांवर छापे घातले तेव्हा मशीनमध्ये बसवलेल्या माप मारणाऱ्या चिप सापडल्या होत्या. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शासकीय माप असतं, त्यात २५ मिलीपेक्षा जास्त घट चालत नाही, आणि ग्राहकाने मागितलं तर मापून दाखवावंच लागतं. मागून बघा एकदा. कसे चेहरे करतात, कशी मागच्या गाड्यांना आपल्यावर सोडतात. पण मागा. डिझेल कमी आलं तरी अ‍ॅव्हरेज ड्रायव्हरच्याच नावावर पडतं.

डिझेलचा भाव २०१७ पासून रोज सकाळी सहाला बदलू शकतो. गाडीचं भाडं बदलायचं म्हटलं की दोन-दोन हंगाम जातात. आता मी ठरवलंय. माझ्या गाडीत साठ कॅरेट, भरण्याआधी आणि भरल्यावर वजनकाट्याची पावती, भरायला तासाच्या वर उशीर झाला तर थांबण्याचे पैसे वेगळे. एकसष्टावं कॅरेट चढवायचं असेल तर मागच्या चार गाड्यांपैकी एक बोलवा. आणि त्या चार गाड्यांवरच्या भावांनो, तुम्हीही साठच घ्या. आपण पाचही जण साठ म्हणालो तर व्यापारी माल सडवत बांधावर ठेवणार नाही, त्याला दुसरी गाडी लावावीच लागेल आणि तिचं भाडंही द्यावं लागेल.