ग्रुपवर टाकलं होतं की!

कॉलेजच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. फोटो बाकीच्यांनी टाकलेच आहेत. त्यातल्या बहुतेकांत मी डावीकडून अर्धीच दिसतेय, त्यामुळे फोटोंबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला लिहायचंय ते जे आले ते कुणामुळे आले, आणि जे आले नाहीत ते का आले नसावेत, याबद्दल.

आमचा बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप जुनाच आहे. सकाळी सुविचार, वाढदिवसाला तेच ते इमोजी, निवडणुका आल्या की हमरीतुमरी आणि मग दोघंचौघं ‘लेफ्ट’. ‘भेटूया रे एकदा’ याला अंगठे भरपूर मिळतात, तारीख काही मिळत नाही. या वेळी भेट झाली ती मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या नावाने हजेरी लावणाऱ्या एका बहाद्दरामुळे. त्यानं एकेकाला फोन केला. मेसेज नाही, फोन. मी म्हटलं, ‘‘एवढी यातायात कशाला? ग्रुपवर टाकलं होतंस की!’’ तर म्हणाला, ‘‘अगं, ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना कळतं, पण बोलावल्यासारखं कुणालाच वाटत नाही.’’

त्याचं म्हणणं मला पटलं, आणि असं एकेकाला गाठणं आपल्याला किती जड जातं, यावर अभ्यासही झालाय. जिलियन सँडस्ट्रॉम आणि लारा ॲकनिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. जुन्या मित्राशी बोलायची इच्छा आहे, त्याचा नंबर आहे, त्याला आनंद होईल याची खात्री आहे, वर मेसेज लिहायला वेळही दिलाय. तरी एक तृतीयांशापेक्षा कमी लोकांनी तो पाठवला. जुन्या मित्राला गाठायला लोक जितके नाखूश असतात, तितकेच अनोळखी माणसाशी बोलायला किंवा कचरा उचलायला असतात, असंही त्यांना आढळलं. म्हणजे एकेकाळी जिच्याशिवाय पान हलत नव्हतं ती मैत्रीण आणि कचरा एकाच रांगेत! आणि गंमत अशी, की 2022 मधल्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार आपल्या अशा अवचित चौकशीचं समोरच्याला किती अप्रूप वाटेल, याचा आपला अंदाज बहुतेकदा कमीच पडतो.

कॉलेजची मैत्री टिकते त्यात आपलं कर्तृत्व फारसं नाही, असं मला आता वाटायला लागलंय. जेफ्री हॉल या संशोधकाच्या 2018 च्या अभ्यासात घट्ट मैत्री व्हायला साधारण 200 हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा अंदाज आहे. आज ऑफिस-घर सांभाळून कुणाला एवढे तास द्यायचे म्हटलं तर वर्षं जातील. तेव्हा ते आपण कट्ट्यावर बसून काही महिन्यांत उधळले. पुढची सगळी वर्षं आपण त्याच पुंजीवर काढतोय.

ती पुंजी गेट-टुगेदरच्या दिवशी मला दिसली. कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत मी तिसऱ्याच वाक्याला अडकले होते. भाषण माझ्याकडून इतक्या वेळा ऐकावं लागल्यामुळे माझ्या रूममेटला ते पाठ झालं होतं, आणि पहिल्या रांगेत बसून ती मला पुढचं वाक्य नुसत्या ओठांनी सांगत होती. मी ते वाक्य केव्हाच विसरले. तिनं त्या दिवशी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, माझ्या हातवाऱ्यांसकट. बाकी सगळे हसत होते, मला मात्र काही सुचेना.

आता न आलेल्यांबद्दल. काही जणांना खरंच अडचण होती. पण काही जण ‘‘सध्या काय करतोस?’’ या प्रश्नाला घाबरून आले नाहीत, असा माझा दाट संशय आहे. आम्ही हा प्रश्न दारातच विचारतो आणि उत्तर ऐकताना डोळ्यांनी माप घेतो. ज्याची नोकरी गेलीय, जिचं लग्न मोडलंय, ज्याची मुलं ‘कुठेतरी लागलेली’ नाहीत, त्यानं कशाला यायचं? खरं तर जुने मित्र म्हणजे आपल्याला व्हिजिटिंग कार्ड छापायच्या आधीपासून ओळखणारी माणसं. त्यांच्यासमोरच कार्ड काढायची वेळ येणार असेल तर मग अनोळखी लोकांचा मेळावा काय वाईट? एकानं फोनवर ‘‘पुढच्या वेळी नक्की’’ म्हटलं, तेव्हा आमच्या बहाद्दरानं कारण विचारलंच नाही. ‘‘मग मीच येतो तुझ्याकडे’’ म्हणाला आणि दुसऱ्या आठवड्यात गेलासुद्धा. तिथे काय बोलणं झालं ते त्यानं कुणालाही सांगितलेलं नाही, ग्रुपवर तर नाहीच.

पुढच्या भेटीसाठी आम्ही चौघांनी फोन करायची नावं वाटून घेतलीत. माझ्या वाट्याला जी आलीय, तिनं आणि मी नोट्सच्या एका वहीवरून शेवटच्या वर्षी अबोला धरला होता. (वही तिनंच हरवली, हे माझं मत अजून कायम आहे.) नंबर मिळालाय. शनिवारी लावतेय.