नुसतं 'नाराज आहोत' म्हणून काय होणार?

आज लंचला ऑफिसात एक जण म्हणाला, जपानशी आपला एवढा मोठा व्यापार, त्यांच्या देवमाशांच्या शिकारीपायी ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं तो कशाला नासवायचा? आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या! सिडनीत राहून!

गेल्या हिवाळ्यात आई आली होती, तिला कर्नेलला केप सोलँडरच्या कड्यावर नेलं. मालवणची बाई, अख्खा जन्म समुद्राशेजारी गेला, पण हंपबॅक देवमासा उसळला तेव्हा तिनं माझा दंड गच्च धरला. मग हळूच म्हणाली, "हेंका आता कोण मारीत नाय मां?" मी म्हटलं, "हय नाय."

हे 'हय नाय' काय आपोआप झालं का? आपणच मारत होतो, आल्बनीचं देवमासे मारायचं शेवटचं केंद्र १९७८ ला बंद पडलं. पुढे लोकांनी रान उठवलं म्हणून सरकारनं २००८ मध्ये ओशनिक व्हायकिंग हे जहाज अंटार्क्टिकाकडे शिकार करणाऱ्या जपानी जहाजांच्या मागावर पाठवलं, त्यावरून काढलेले फोटो बघून अख्खा देश हादरला, २०१० मध्ये केस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली आणि २०१४ मध्ये १२ विरुद्ध ४ नं जिंकलो. संशोधनाच्या नावाखाली जपाननं २००५ पासून ३६०० च्या आसपास मिंक जातीचे देवमासे मारले होते हो! आणि निकालानंतर एक सीझन थांबून नवा प्रोग्राम काढून परत ३३३ मारले. संताप संताप होतो.

आता २०१९ पासून ते स्वतःच्या समुद्रात मारतात, २०२४ मध्ये यादीत फिन व्हेलही घातला, निळ्या देवमाशानंतरचा जगातला सगळ्यात मोठा प्राणी. आणि आपलं सरकार काय करतं? नाराजी व्यक्त करतं.

मान्य, आपल्याकडेही कांगारू मारायचे परवाने मिळतात. आणि हो, तिथले देवमासे 'आपले' नाहीत. पण आईनं आपले की त्यांचे असं कुठे विचारलं होतं?

जपानी माणसांवर माझा राग नाही, तिथेही हे मांस खाणारे आता थोडेच उरलेत, मग चाललंय कुणासाठी हे सगळं? म्हणूनच तर जोर लावायचा. मंत्री टोकियोला गेले की कोळसा-गॅसच्या गप्पांत हा विषय दर वेळी निघालाच पाहिजे, आणि तो आपण मागे लागल्याशिवाय निघणार नाही. मी आत्ताच आमच्या एमपीला ईमेल केलाय, मजकूर कॉमेंटमध्ये टाकते, तुम्ही आपापल्या एमपीला आजच पाठवा.