चार फंक्शन्स आली म्हणजे आरटीओएस आलं का?

"टास्क, क्यू, सेमाफोर, डिले ही चार फंक्शन्स शिका, महत्त्वाच्या टास्कला वरची प्रायॉरिटी द्या, बाकी शेड्युलर बघून घेतो." आरटीओएस, म्हणजे ठरल्या वेळेत कामं चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, शिकणाऱ्या एम्बेडेडवाल्यांना हा सल्ला सर्रास मिळतो. टास्क म्हणजे एक स्वतंत्र काम, क्यू म्हणजे डेटा पुढे देण्याची रांग, सेमाफोर म्हणजे टास्कांमधला इशारा, आणि कोणती टास्क कधी चालेल ते शेड्युलर ठरवतो. रोज लागणारी फंक्शन्स मोजकीच आहेत, एवढं त्यात खरं आहे.

"डिले शिका." फ्रीआरटीओएस या आरटीओएसवर दर १० मिलिसेकंदांनी सेन्सर वाचायचाय आणि त्या कामाला ३ मिलिसेकंद लागतात. लूपच्या शेवटी व्हीटास्कडिलेने १० मिलिसेकंद थांबलात, तर फेरी १३ची होते. सेकंदाला १०० ऐवजी ७७च नमुने येतात आणि फिल्टरचं गणित कोसळतं. ठरलेल्या वेळेपासून मोजणारं व्हीटास्कडिलेअंटिल इथे हवं.

"महत्त्वाच्या टास्कला वरची प्रायॉरिटी." महत्त्व बघू नका, मुदत बघा: जिची फेरी लहान, ती टास्क वर. तरीही ती अडकू शकते. खालच्या टास्कने बसचं (सगळ्यांनी मिळून वापरायच्या डेटावाहिनीचं) लॉक घेतलंय, वरची त्यासाठी थांबलीय, आणि लॉकशी काही संबंध नसलेली मधली टास्क खालचीला सीपीयूच मिळू देत नाही. १९९७ साली मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान यामुळेच वारंवार रिसेट होत होतं. म्युटेक्सचा (एका वेळी एकाच टास्कला मिळणाऱ्या लॉकचा) प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे लॉक धरलेल्या टास्कला थांबलेलीची प्रायॉरिटी तात्पुरती देणं, चालू केल्यावर ते थांबलं. फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्सला ही सोय आहे, बायनरी सेमाफोरला नाही. म्हणून लॉकसाठी सेमाफोर वापरणं ही चूकच.

"बाकी शेड्युलर बघतो." इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारी हार्डवेअरची हाक, तो बघत नाही, आणि सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया जातात. कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर आकडा जितका लहान तितकी इंटरप्टची प्रायॉरिटी वरची, आणि रिसेटनंतर ती असते ०, म्हणजे सर्वांत वरची. कर्नलची (आरटीओएसच्या गाभ्याची) मर्यादा ५ ठेवलीय, म्हणजे त्याहून वरच्या इंटरप्टमधून कर्नलची फंक्शन्स वापरायची नाहीत; यूएआर्टची (सिरियल पोर्टची) प्रायॉरिटी लावायची राहिली आणि त्याच्या इंटरप्टमधून क्यूत बाइट टाकला, तर कर्नल स्वतःच्या याद्या बदलत असतानाच हा मध्ये घुसतो. हार्ड फॉल्ट, म्हणजे प्रोसेसरची गंभीर चूक, येतो तो कधीतरी नंतर, भलत्याच ओळीवर. कॉन्फिगअसर्ट हा फ्रीआरटीओएसचा तपासणी-मॅक्रो लिहून ठेवला असेल, तर चूक पहिल्याच कॉलला पकडली जाते.

स्टॅकही, म्हणजे प्रत्येक टास्कची कामचलाऊ मेमरीही, तुम्हालाच बघायचाय. उदाहरणातून उचललेला १२८ हा आकडा ३२-बिट चिपवर शब्दांत मोजला जातो, म्हणजे ५१२ बाइट. ईएसपी-आयडीएफ या ईएसपी३२ चिपच्या सॉफ्टवेअर-संचात मात्र तो बाइटांतच असतो. एखादा प्रिंटएफ एवढा स्टॅक सहज ओलांडतो. फ्रीआरटीओएसच्या स्टॅक ओव्हरफ्लो तपासणीचं सेटिंग २ वर ठेवा आणि हाय वॉटर मार्क (स्टॅकमध्ये कमीत कमी किती जागा उरली होती तो आकडा) वाचूनच आकडा ठरवा.

शिकायला दोनच टास्क घ्या. प्रत्येकीने काम सुरू करताना एक पिन वर न्यावी, संपताना खाली आणावी, आणि लॉजिक अ‍ॅनालायझरवर दोन कडांमधलं अंतर मोजा. व्हीटास्कडिलेची १३ मिलिसेकंदांची फेरी तिथे डोळ्यांनी दिसते.