खुलासा: माणसाची कॅप्सूल मानमोडीवर चालत नाही

‘कोंबडी घरघरली की माणसाची अँटिबायोटिक कॅप्सूल पाण्यात फोडा, मानमोडीही बरी होते,’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. मानमोडी म्हणजे रानीखेत, विषाणूचा रोग. त्यावर अँटिबायोटिक लागू पडत नाही. मान पिळवटणं, हिरवी हगवण ही त्याची खूण. उपाय म्हणजे रोग येण्याआधी दिलेली लसच: ५ ते ७ दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब, आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस, पंखाखाली अर्धा मिली टोचून.

डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आणि नुसती घरघर असेल तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संशय घ्या. त्याला औषध आहे, पण मात्रा पशुवैद्यकांकडूनच घ्या. कॅप्सूलची भुकटी भांड्याच्या तळाशी बसते. एकीला जास्त जाते, दुसरीला काहीच नाही. औषध चालू असताना अंडी खाऊ नका. खुराड्यातलं ओलं तूस आधी बदला, अमोनियाने श्वास आणखी बिघडतो. अचानक मर झाली तर लगेच दवाखान्यात कळवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.