एका रात्रीत? छे!

डीजे आणि संगीतकार टॉड तेर्येवरचा तुमचा लेख आवडला, पण २०१२ च्या 'इन्स्पेक्टर नॉर्स' या गाण्याने तो एका रात्रीत मोठा झाला, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. त्याआधी कित्येक वर्षं हा नॉर्वेजियन गडी दुसऱ्यांच्या जुन्या डिस्को गाण्यांची काटछाट करत बसला होता. कंटाळवाणं कडवं उडवायचं, नुसत्या ड्रमचा तुकडा लांबवायचा, म्हणजे डीजेला पुढचं गाणं जोडायला जागा मिळते. देशोदेशीचे डीजे ती वाजवत होते. आणि नाव काय, तर अमेरिकन डीजे टॉड टेरीच्या नावावर केलेली कोटी! खरा तो तेर्ये ओल्सेन.

लेखात न आलेली गंमत म्हणजे, 'इन्स्पेक्टर नॉर्स' ज्या ईपीवर (मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम) आहे तो एआरपी २६०० या सत्तरच्या दशकातल्या एकाच सिंथेसायझरवर बनवलाय. ड्रमसुद्धा त्यातूनच काढलेत. हेडफोन लावून ऐका, टाळीसारखा येणारा आवाज टाळीचा नाहीच.

लिंडस्ट्रॉम आणि प्रिन्स थॉमस या नॉर्वेजियन संगीतकारांचा लेखात साधा उल्लेखही नाही, हे मात्र खटकलं. ओस्लोच्या 'स्पेस डिस्को'ची, म्हणजे सिंथेसायझरच्या अंतराळी वाटणाऱ्या सुरांवरच्या डिस्कोची, वाट या दोघांनी आधी मळवली होती.

बाकी, येत्या क्लबच्या रात्री तो बँडशिवाय, एकटाच येतोय हे वाचून काही जण हिरमुसलेत. मला उलट बरं वाटलं. स्वतःची हिट गाणी सगळेच वाजवतात हो, याच्या पेटीतल्या जुन्या रेकॉर्डी ऐकायच्यात. तिकीट काढलंय. कानात घालायचे बोळेही घेतलेत, वय झालं आता.